दीपगृहातला उंट

चिमणीने गोष्ट संपवली आणि हात पुढे केला. ग्रंथपालताईंनी त्या हातावर चांदणी ठेवली नाही.

"उंट लोण्यावरून घसरत खाली आला?" त्यांनी विचारलं.

"हो."

"दीपगृहाच्या जिन्यावरून?"

"हो. आधी सगळ्या जिन्याला लोणी लावलं. मग सुर्रकन् खाली."

"आणि हे कुठे लिहिलंय?"

"पुस्तकात."

"पुस्तकात दोर आहेत, बाळा. खलाशी उंटाच्या पोटाला दोर बांधतात आणि बाहेरच्या बाजूने त्याला अलगद खाली सोडतात. म्हणजे तू शेवट वाचलाच नाहीस. जा, नीट वाचून ये."

चिमणीने ओठ काढला, डोळे भरून घेतले आणि चपला हातात घेऊन ती घराकडे पळाली. चपला पायात घालण्याइतकाही वेळ या अन्यायाने तिला ठेवला नव्हता.

वाचनालय दोन खोल्यांचं होतं. मोठ्या खोलीत वर्तमानपत्रं होती आणि ती वाचता वाचता झोपणारी निवृत्त मंडळी होती. छोटी खोली बालविभागाची. तिथे बुटकी कपाटं, बुटक्या खुर्च्या आणि एक बुटकं टेबल होतं, आणि त्या सगळ्यांत चांगल्या उंचपुऱ्या ताई गुडघे हनुवटीला टेकवून बसत. दर उन्हाळ्याच्या सुट्टीत त्या "सुट्टीतले वाचक" नावाचा उपक्रम चालवत. मुलाने पुस्तक वाचायचं, ताईंच्या समोर बसून गोष्ट तोंडी सांगायची आणि पुठ्ठ्याची चंदेरी चांदणी मिळवायची. चांदणीवर मुलाचं नाव लिहून ती खिडकीत दोऱ्याला टांगली जाई. तोंडी सांगण्याचा नियम ताईंचाच होता. नुसत्या "वाचलं" या शब्दावर त्यांचा विश्वास नव्हता. मोठ्या खोलीतली मंडळी रोज सकाळी अग्रलेख "वाचत", हे त्या वर्षानुवर्षं पाहत आल्या होत्या.

यंदा चिमणीच पहिली होती, आणि यंदाच्या चांदण्यांना वेगळंच वजन आलं होतं. वाचनालयाचे अध्यक्ष निवृत्त बांधकाम कंत्राटदार होते. जन्मभर त्यांनी इमारती बांधल्या होत्या, आणि आता बांधायला काही उरलं नसल्यामुळे रिकामी खोली दिसली की त्यांचा हात शिवशिवे. कमिटीची सभा सायकलींच्या शेजारी, बोळात उभ्याने भरते, ही गोष्ट त्यांना फार दिवस सलत होती. मुलं हल्ली येत नाहीत, तेव्हा बालविभागाची कपाटं माळ्यावर टाकावीत आणि खोली कमिटीला द्यावी, असा ठराव त्यांनी मांडला होता. ताई त्या सभेत बोलायला म्हणून उभ्या राहिल्या आणि ठराव अडकून पडेपर्यंत खाली बसल्याच नाहीत. शेवटी तडजोड झाली.

"सुट्टी संपताना समारंभ ठेवा," अध्यक्ष म्हणाले. "ज्या मुलांनी पुस्तक पूर्ण वाचलंय, ती खोलीत उभी करा. खोली भरली, तर खोली मुलांची. नाही भरली, तर आमची."

"भरेल," ताई म्हणाल्या.

"पूर्ण म्हणजे पूर्ण हं. अर्धवट बांधकामाला मी जन्मात कधी पूर्ण म्हटलं नाही."

ताईंना त्या खोलीचं एवढं काय होतं, हे कमिटीला कळण्यासारखं नव्हतं. कपाट आणि खिडकी यांच्या मधे जेमतेम एक मूल मावेल एवढी फट होती. लहानपणी त्या फटीत बसून ताईंनी सगळं जग पाहिलं होतं, आणि पुढे मोठेपणी जग प्रत्यक्ष पाहायचं राहून गेलं, तेव्हा फारसं वाईटही वाटलं नव्हतं. त्या फटीत आता त्यांचा नुसता पाय मावे. पण रोज झाडताना त्या केरसुणी तिथे जरा हळू फिरवत.

चांदणी नाकारल्याचा परिणाम चहाच्या वेळेला झाला. चिमणी परत आली, ती आजोबांचं बोट धरून. आजोबांची डेअरी होती. त्यांचा आवाज सकाळच्या धारेच्या वेळी जनावरांना उठवायच्या कामी येत असे, आणि तो त्यांनी इतर वेळीही खाली ठेवलेला नव्हता.

"काय हो ताई, पोरीला रडवलंत?"

"रडवलं नाही, आजोबा. शेवट चुकला तिचा."

"चुकला कसा? मी सांगितलाय तिला! तिला शेवट सापडेना, म्हणून मी सांगितला. मी स्वतः वाचलंय हे पुस्तक. याच खोलीत. लोणी आहे लोणी! डावीकडच्या पानावर चित्र होतं. उंटाचे चारी पाय वर, आणि मागे लोण्याची रेघ."

"चित्र मलाही आठवतं. उजवीकडच्या पानावर होतं. दोर होते. उंटाची मान अशी एका बाजूला झुकलेली."

"आणा पुस्तक!"

ताईंनी पुस्तक आणलं. 'दीपगृहातला उंट' हे पुस्तक वाचनालयातलं सर्वांत लाडकं होतं, कारण ते सर्वांत पातळ होतं. समुद्र पाहायची हौस असलेला एक उंट दीपगृहाच्या गोल जिन्याने वर चढतो, पोटभर समुद्र पाहतो, आणि मग त्याच्या लक्षात येतं की इथे वळायला जागा नाही. एवढीच गोष्ट. ताईंनी शेवटचं पान उघडलं आणि मोठ्याने वाचायला सुरुवात केली.

"दीपगृहवाला म्हणाला, 'अरे, आलास खरा, पण आता उतरणार कसा?' उंटाने खाली पाहिलं. त्याचे पाय लटपटले. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि"

ताई थांबल्या. पुढे पुठ्ठा होता.

त्यांनी पुठ्ठा उलटला. त्याच्यामागे टेबल होतं.

"आणि काय?" आजोबा म्हणाले.

"आणि काहीच नाही," ताई म्हणाल्या. "पानंच नाहीत पुढची."

बांधणी इतकी सुबक होती की पानं गेल्याचं कधी कोणाला जाणवलंच नव्हतं. आजवर एखादं मूल शेवटाशी अडखळलं, की ताई स्वतःच दोर सोडून उंटाला खाली आणत. ताईंनी किती मुलांच्या हाती हे पुस्तक दिलं होतं, आणि स्वतः तर ते त्या फटीत बसून पाठ होईपर्यंत वाचलं होतं. आणि दोर? दोर त्यांना लख्ख दिसत होते. दोरांच्या गाठीसुद्धा.

ही गोष्ट खरं तर तिथेच मिटली असती. पण डेअरीवाल्या आजोबांना कुजबुजता येत नव्हतं. "अहो, उंटाचा शेवट गायब आहे!" असं ते चिमणीला म्हणून म्हणाले, आणि मोठ्या खोलीत धडाधड वर्तमानपत्रं खाली आली. कित्येक महिन्यांत तिथे एवढे चेहरे एकदम दिसले नव्हते.

"गायब कसा असेल?" निवृत्त हेडसर दारात येऊन उभे राहिले. "मला चांगला आठवतो. दीपगृहवाला उंटाला सांगतो, 'मागे मागे चल.' एकेक पायरी, मनात मोजत, पाय न चुकवता. शिस्तीने उतरतो तो. त्याच्यावरून मी वर्गात कितीतरी पोरांना पाठमोरं चालायला लावलंय."

"उंटाला मागे चालता येत नाही, सर," आजोबा म्हणाले.

"शिकवलं की येतं."

संध्याकाळपर्यंत ही बातमी अध्यक्षांच्या घरी पोचली. ते लगेच आले, बुटक्या टेबलाजवळ उभे राहिले आणि त्यांनी पुस्तक पुढून, मागून आणि आडवं धरून पाहिलं, जणू भिंत ओळंब्यात आहे की नाही ते तपासत होते.

"किती मुलांनी हे पुस्तक घेतलंय?"

"सगळ्यांनी," ताई म्हणाल्या. खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती आणि आता लावून घ्यायला उशीर झाला होता. एकच प्रत असल्यामुळे मुलं घोळका करून, एकमेकांच्या खांद्यावरून, तेच पुस्तक वाचत आली होती.

"पुस्तक अपूर्ण. मग वाचक पूर्ण कसे?"

"दुसरी पुस्तकं देते त्यांना."

"द्या. वेळ आहे अजून."

ताईंनी दुसऱ्या दिवशी कपाटं उघडली. परीच्या गोष्टी काढल्या, चोरांच्या काढल्या, तारे आणि ग्रह काढले. मुलं जमिनीवर मांडी घालून बसली होती. एकानेही हात पुढे केला नाही.

"घ्या ना. हे बघ, यात खजिना आहे."

"नको," चिमणी म्हणाली.

"का गं?"

"आधी उंट खाली उतरू दे."

"अगं, उंट राहू दे आता."

"राहू दे कसा? तो वर उभा आहे. डोळे मिटून."

बाकीच्या मुलांनी माना हलवल्या. खजिन्याची गोष्ट ताईंनी परत कपाटात ठेवली. खरं सांगायचं तर त्यांनाही रात्रभर तेच वाटत होतं.

त्या दिवशी घरी जाऊन त्यांनी थोरल्या भावाला फोन लावला. भाऊ तरुणपणी नोकरीसाठी दूर परदेशी गेला होता आणि तिकडचाच झाला होता.

"दादा, दीपगृहातला उंट आठवतो?"

"न आठवायला काय झालं?"

"खाली कसा उतरला रे तो?"

"उतरला कुठे? तो वरच राहिला की. दिव्याच्या काचा पुसायला. उंच मान होती ना त्याची."

"काहीतरीच! दोरांनी उतरवला त्याला. बाबा नेहमी सांगायचे, माझं वाचून झालं की."

"मला बाबांनीच सांगितलं, वरच राहिला म्हणून. कधी ते आठवतंय मला. मी इकडे यायला निघालो होतो, बॅग भरत होतो. बाबा शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, 'अरे, त्या उंटाचं शेवटी काय झालं माहितीय का? वर बरं वाटलं त्याला. वर गेलेल्याने खाली यायलाच पाहिजे असं थोडंच आहे?'"

वडील गोदीत होते. जहाजातला माल दोरांनी उतरवायचं काम त्यांनी जन्मभर केलं होतं. म्हणजे पुस्तकाचा शेवट त्यांनीही कधी वाचला नव्हता. घरात राहणाऱ्या मुलीला त्यांनी उंट सुखरूप जमिनीवर आणून दिला होता आणि घर सोडणाऱ्या मुलाला वरच ठेवून दिला होता. दोघांचीही सोय बघितली होती.

"काय गं, गप्प का झालीस?"

"काही नाही. जेवलास का?"

"दुपारचे किती वाजलेत बघ इकडे. आणि ऐक, दोर साफ चूक आहे हं."

"ठेव फोन," ताई म्हणाल्या आणि बराच वेळ त्यांनीच ठेवला नाही.

सकाळी त्यांनी ती चूक केली, जी फक्त ग्रंथपालच करू शकतो. त्यांनी दाराबाहेरच्या फळ्यावर सूचना लिहिली. 'दीपगृहातला उंट या पुस्तकाचा शेवट ज्यांना खात्रीने माहीत असेल, त्यांनी कृपया बालविभागात येऊन सांगावा.' 'खात्रीने' या शब्दाखाली त्यांनी रेघही मारली. आपल्या गावात खात्री नसलेला माणूस सापडणं किती अवघड आहे, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही.

दुपारपर्यंत रांग बोळातून बाहेर, सायकलींच्याही पुढे गेली. वाचनालयाचं सभासदत्व कधीच सोडलेली, वाचनालय अजून चालू आहे हेही विसरलेली माणसं कामधंदा टाकून आली होती. आत आल्यावर प्रत्येक जण आधी खिडकीकडे बघे, मग बुटक्या खुर्चीकडे बघे, आणि म्हणे, "एवढीशी होती होय ही खोली?" मग त्याच खुर्चीत कसाबसा बसे आणि छाती पुढे काढून शेवट सांगे.

"शिडं," टेलरकाका म्हणाले. त्यांच्या गळ्यात टेप होता आणि शर्टाला सुया टोचलेल्या होत्या. "जहाजाची जुनी शिडं आणली, जोडून शिवली आणि मोठी छत्री केली. उंट वरून उडी मारतो आणि डुलत डुलत खाली येतो. दुहेरी शिवण होती. पुस्तकात लिहिलंय तसं."

"दुहेरी शिवण असं लिहिलंय?"

"नसेल लिहिलं, पण चित्रात दिसत होतं."

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी उंटाला आधी झोपेचं इंजेक्शन देऊन स्ट्रेचरवरून आणलं. गवंड्याने सरळ भिंत फोडली. वकीलसाहेबांनी सांगितलं की शेवट असा नाहीच. उंट कोणाच्या जागेत उभा आहे यावर वाद चालू असून प्रकरण अजून प्रलंबित आहे. पावांच्या दुकानाचे मालक बायकोला घेऊन आले आणि दोघांचं तिथेच जुंपलं.

"लग्नाआधी तुम्ही मला सांगितलं होतं की उंट वरून समुद्रात उडी मारतो!"

"तेव्हा मला छाप पाडायची होती."

"म्हणजे ती उडी खोटी?"

"अगं, उडी खोटी असेल, पण मी..."

"तरीच! तरीच पोहायला येत नाही तुम्हाला!"

डेअरीवाले आजोबा दाराशी उभे राहून प्रत्येकाला "लोणी!" एवढंच बजावत होते. हेडसर रांगेतल्या आपल्या जुन्या विद्यार्थ्यांना पाठमोरं चालून दाखवायला लावत होते आणि केस पिकलेले ते विद्यार्थी मुकाट्याने चालतही होते. ताई "एकेक जण या हो, एकेक जण," असं म्हणून घसा बसवून घेत होत्या.

आणि जमिनीवर, मोठ्यांच्या पायांच्या मधल्या जागेत, मुलं बसली होती. ती रोज येत होती. आपापल्या भावंडांना घेऊन येत होती. शेजारच्यांना घेऊन येत होती. मावशी, आत्या, मामा यांना हाताला धरून ओढून आणत होती, कारण त्यांच्याकडेही एक शेवट असायचा. आपले आजोबा कधी काळी या एवढ्याशा खुर्चीत बसत, तेव्हा त्यांना पुढचे दात नव्हते आणि आताही नाहीत, ही गोष्ट मुलांना उंटाइतकीच आवडली होती. नवीन शेवट आला की ती आधी टाळ्या वाजवत आणि मग त्याच्यातल्या चुका काढत.

"ताई, लोण्याला मुंग्या लागल्या असत्या," एक म्हणे.

"शिडाला भोक असलं तर?" दुसरा म्हणे.

गर्दी इतकी वाढली की ताईंनी फळ्यावर 'कृपया बालविभागात गर्दी करू नये' असं लिहिलं. लिहिताना त्यांच्या मनात काही आलं नाही. त्यांना एकच काळजी खात होती: शेवट सापडत नव्हता आणि समारंभ जवळ येत होता.

अध्यक्ष आले, तेव्हा त्यांना आत शिरायला जागा मिळाली नाही. ते दारातूनच गरजले.

"हे काय चाललंय? हा बाजार कशाचा?"

"शेवटाचा, साहेब," वकील म्हणाले. "साक्षी चालू आहेत."

"साक्षी कसल्या! कागद दाखवा. असे वाद कागदाशिवाय मिटत नाहीत." त्यांनी सगळ्यांवर नजर फिरवली. "माझ्या ओळखीचा एक जुन्या पुस्तकांचा दुकानदार आहे. त्याच्याकडून धड प्रत मागवतो. समारंभात सगळ्यांसमोर शेवट वाचतो. ज्या मुलांनी तोच सांगितला असेल, ती पूर्ण. बाकीची अपूर्ण. मग मला कोणी दोष द्यायचा नाही."

"आणि कोणीच तो सांगितला नसेल तर?" ताईंनी विचारलं.

"तर कपाटं माळ्यावर."

"साहेब, तुमचा काय शेवट आहे?" चिमणीने खालून विचारलं.

अध्यक्षांनी खाली पाहिलं. "मला असले उद्योग नाहीत," ते म्हणाले आणि वळले. बोळात ते बराच वेळ एका सायकलला अडकून उभे होते, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

समारंभाच्या दिवशी ताईंनी खोली पहाटेच झाडली. त्या फटीपाशी आल्या आणि केरसुणी हातात धरून तशाच उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाटं फडक्याने पुसली, जसं परगावी निघालेल्या मुलाचं तोंड पुसतात. खिडकीतल्या दोऱ्यावर एकही चांदणी नव्हती. सगळ्या चांदण्या खोक्यात होत्या, बिननावाच्या.

दुपार व्हायच्या आत खोली गच्च झाली. मुलं जमिनीवर, खुर्च्यांवर, खिडकीच्या कट्ट्यावर बसली. त्यांच्या मागे आईवडील, त्यांच्या मागे आजीआजोबा उभे राहिले. कमिटीची माणसं आली तेव्हा त्यांना नेहमीसारखं बोळात उभं राहावं लागलं.

अध्यक्षांच्या हातात पुडकं होतं. त्यांनी दोरी सोडली, कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि पुस्तक वर धरलं. तेच चित्र, तोच उंट, फक्त रंग ताजे. खोलीतून एक उसासा गेला. पुष्कळांना ते पुस्तक इतकं नवं कधी पाहिल्याचं आठवत नव्हतं.

"शांतता," अध्यक्ष म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि शेवटाकडून पानं उलटून वाचायला सुरुवात केली. "'उंटाने खाली पाहिलं. त्याचे पाय लटपटले. मग त्याने डोळे मिटून घेतले आणि'"

त्यांनी पान उलटलं.

डेअरीवाल्या आजोबांनी श्वास रोखला. टेलरकाकांनी टेप घट्ट धरला. हेडसर मनातल्या मनात एक पायरी मागे सरकले आणि त्यांचा पाय पाववाल्यांच्या बायकोच्या पायावर पडला, तरी ती ओरडली नाही. ताईंनी डोळे मिटून घेतले.

अध्यक्ष मनात वाचत होते. त्यांचे ओठ हलले आणि थांबले. त्यांनी पान पुन्हा मागे उलटलं, पुन्हा पुढे उलटलं. चष्मा काढला, सदऱ्याने पुसला, परत लावला आणि समोर पाहिलं. समोर मुलं होती. सगळ्यांची तोंडं उघडी होती.

अध्यक्षांनी पुस्तक मिटलं.

"याही प्रतीत पानं नाहीत," ते म्हणाले.

"नाहीत?" हेडसर उसळले. "अहो, आत्ता तुम्ही उलटलंत की पान!"

"जाहिरात होती."

"कसली?"

"दंतमंजनाची," अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला हवंय का?"

हेडसरांना हसू लपवता येईना, कारण शेवट हरवला म्हणजे त्यांचाही शेवट शाबूत राहिला होता. तेच समाधान हळूहळू सगळ्या खोलीत पसरलं. माणसं एकमेकांकडे पाहून, "बघा, मी म्हणत नव्हतो?" असं म्हणू लागली. कोणी काय म्हणत नव्हतं, ते कोणीच विचारलं नाही.

"म्हणजे मग पूर्ण वाचक कोण, साहेब?" बोळातून कमिटीच्या चिटणिसांनी विचारलं. "ठरल्याप्रमाणे..."

"ठरल्याप्रमाणेच," अध्यक्षांनी त्यांना मधेच तोडलं. "पाया आहे तेवढा पुस्तकाने घातलाय. वरचा मजला ज्याचा त्याने बांधायचा. इथे प्रत्येकाने बांधलेला आहे. मी आठवडाभर ऐकतोय. काही मजले डळमळीत आहेत, पण अपूर्ण एकही नाही. ताई, चांदण्या वाटा."

त्यानंतर जे झालं त्याला समारंभ म्हणता येणार नाही. मुलांनी ताईंना टेबलासकट खिडकीपर्यंत रेटत नेलं. चिमणीने चांदणीवर नाव लिहून घेतलं आणि ताईंना बजावलं, "लोणीच होतं हं." टेलरकाकांनी हळूच पुढे येऊन मोठ्यांना चांदणी मिळते का, अशी चौकशी केली. मिळत नाही म्हटल्यावर ते नातवाच्या चांदणीला दोरा ओवून देत बसले.

उन्हं उतरली तेव्हा खोली रिकामी झाली. अध्यक्ष अजून बुटक्या टेबलाशी उभे होते. ताईंनी नवं पुस्तक उचललं आणि शेवट उघडला. पानं होती. एकही जाहिरात नव्हती. त्यांनी वाचलं:

'आणि तो जागा झाला. कुठलं दीपगृह आणि कुठला समुद्र! उंट आपल्या वाळूतच पडला होता. ते सगळं स्वप्न होतं. तात्पर्य: झोपण्यापूर्वी जड जेवू नये.'

ताईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचल्यावरही ते तसंच होतं.

त्यांनी जुनी प्रत शेजारी ठेवली आणि पहिल्यांदाच शिवणीच्या आत बोट घातलं. पानांच्या कडा आत होत्या. पट्टी ठेवून कापाव्यात तशा सरळ. मुलांच्या हातून पानं अशी फाटत नाहीत. ताईंच्या लहानपणी, आणि डेअरीवाल्या आजोबांच्याही लहानपणी, इथे जे ग्रंथपाल होते, त्यांना सगळे अण्णा म्हणत. पुस्तकाचा कोपरा दुमडला तरी अण्णा जेवत नसत, अशी त्यांची ख्याती होती. ताई त्या सरळ कडेकडे बघत राहिल्या.

"साहेब, या पानांचं काय करायचं?"

अध्यक्षांनी पुस्तक घेतलं, मागची पानं एका झटक्यात काढली, घडी घातली आणि खिशात टाकली. "बेकायदेशीर बांधकाम," ते म्हणाले. "पाडलं."

"तुम्ही वाचला होता ना उंट? लहानपणी?"

अध्यक्षांनी खिडकीकडे तोंड केलं. "ताप आला होता मला. बरेच दिवस पडून होतो. तो वर उभा आणि मी खाली पडलेला. पडल्या पडल्या मी त्याला दीपगृहाच्या बाहेरून, गोल फिरत येणारा एक उतार बांधून दिला. रुंद. वळायला जागा असलेला. रोज थोडा थोडा. ज्या दिवशी तो जमिनीला टेकला, त्या दिवशी ताप उतरला. तेव्हापासून बांधतोच आहे म्हणा."

जन्मभर इमारती बांधणाऱ्या या माणसाची ताईंना एकदम माया वाटली. ती बराच वेळ टिकलीही असती.

"पण एक सांगतो," अध्यक्ष म्हणाले. "ते दोरांचं मुलांना सांगत जाऊ नका. दीपगृहाच्या सज्जाला उंटाचं वजन झेपत नाही. सज्जा कोसळेल."

"दोर सज्जाला बांधलेच नव्हते," ताई म्हणाल्या. "आतल्या खांबाला बांधले होते."

"आत खांब नसतो."

"असतो. माझे वडील गोदीत होते. दोर कशाला बांधायचा, ते तुम्ही त्यांना शिकवू नका."

"आणि तुम्ही मला बांधकाम शिकवू नका. सिमेंट खाऊन मोठा झालोय मी."

"ते दिसतंच आहे."

"असं? मग हा प्रश्न तडीलाच जाऊ दे. पुढच्या आठवड्यात कमिटीची सभा बोलावतो. विषय एकच. उंट."

"बोलवा."

"इथेच बोलावतो. याच खोलीत. बोळात नकाशा मांडता येत नाही."

ताईंनी बुटकी खुर्ची टेबलाखाली सारली आणि अध्यक्षांच्या कोपराखालचं मुलांचं पुस्तक हळूच ओढून घेतलं.

"खोली मिळेल," त्या म्हणाल्या. "पण दुपारची नाही. दुपारी मुलं असतात."